धुण्याचं पाणी नितळ आलं, म्हणून बायोडिझेल शुद्ध?

इंदूरला सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या कढयांमधलं उरलेलं तेल आणून घरी बायोडिझेल करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत एक समज पक्का बसलाय: बायोडिझेल पाण्याने धुतल्यावर खालचं पाणी नितळ आलं की इंधन शुद्ध. हे खरं नाही, आणि त्यापायी चांगली इंजिनं बिघडतात, म्हणून हा खुलासा.

पाणी फक्त पाण्यात विरघळणाऱ्या गोष्टी नेतं: साबण, उरलेलं मिथेनॉल, कॉस्टिक सोडा, सुटं ग्लिसरीन. तेलाचं बायोडिझेल करणारी अभिक्रिया अर्धवट राहिली असेल तर मोनो, डाय आणि ट्रायग्लिसराइड (म्हणजे अर्धवट बदललेलं किंवा न बदललेलं तेल) इंधनातच राहतात, दहा वेळा धुतलं तरी. पुढे तेच इंजेक्टरवर थर धरतात. आयएस १५६०७ या भारतीय मानकात एकूण ग्लिसरीनवर (सुटं आणि या ग्लिसराइडमध्ये अडकलेलं मिळून) ०.२५ टक्क्यांची मर्यादा आहे, ती याचसाठी.

खरी तपासणी धुण्याआधीची. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल घालून हलवा आणि अर्धा तास ठेवा. तळाशी तेल बसलं, तर पुन्हा अभिक्रिया करायला हवी. हे साधारण २० ते २२ अंशांवर करा. आपल्याकडच्या मे महिन्यात कोमट मिथेनॉलमध्ये कच्चं तेलही जास्त विरघळतं आणि निकाल खोटा येतो. मिथेनॉल विषारी आहे, पेटही घेतं. गॅसजवळ अजिबात नको.

पहिल्याच धुण्यात ताकासारखं पांढरं झालं, तर पाण्याला दोष देऊ नका. बहुतेकदा साबण किंवा मोनोग्लिसराइड जास्त असतात.