हरण कसं पळणार, हे शिकाऱ्याला आधी ठाऊक असायचं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या पश्चिमेला, जंगलालगतच्या शिवारात कधीकधी बांधावर चितळ मरून पडलेलं सापडतं. अंगावर जखम नाही, गळ्यात फास नाही, छऱ्याची खूण नाही. आदल्या दिवशी त्याच्यामागं कुत्री लागलेली कुणीतरी पाहिलेली असतात, पण चितळ सुटलं होतं, हेही तोच माणूस शपथेवर सांगतो. "काळीज फुटलं त्याचं," म्हातारी माणसं म्हणतात. यात पुष्कळसं खरं आहे. कसं, ते पुढं येईल. पण त्याआधी या भागात माणूस हरणामागं किती तऱ्हांनी धावला, हे बघायला हवं. शिकारीची जवळपास प्रत्येक युक्ती हरणाच्या पळण्याच्या एखाद्या खोडीवर बेतलेली होती.

बोलताना आपण सगळ्यांनाच हरण म्हणतो. पुस्तकी मराठीत त्यांची दोन घराणी आहेत. सारंगांची शिंगं दरवर्षी गळतात आणि नवी फुटतात: सांबर, चितळ, भेकर. कुरंगांची पोकळ शिंगं जन्मभर टिकतात: काळवीट, चिंकारा, चौशिंगा. (पिसोरी या दोन्हींत बसत नाही, तिचं कूळच वेगळं.) बेळगावच्या आसपास ही घराणी जमिनीप्रमाणं वाटली गेली. जांबोटी, कणकुंबी, भीमगडकडं दाट रान, तिथं सारंग. चिक्कोडी, अथणी, रायबाग, गोकाकपासून मुधोळपर्यंत उघडा माळ, तिथं काळवीट आणि चिंकारा. रानातलं हरण जीव वाचवायला लपतं. माळावर लपायला जागाच नाही, म्हणून तिथलं हरण लांबून बघतं आणि वेगानं सुटतं.

माळावरच्या पळण्याचं आपल्याकडं सर्वांत जुनं आणि नेमकं वर्णन नाटकात आहे. कालिदासाच्या शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात दुष्यंताच्या रथापुढं हरण पळतं. मान वळवून ते पुन्हा पुन्हा रथाकडं बघतं, बाणाच्या भीतीनं मागचा भाग पुढं ओढून घेतं, दमून उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धवट चावलेलं गवत वाटेवर सांडतं, आणि उड्या अशा मारतं की जमिनीपेक्षा आकाशातच जास्त. सारथी त्याला कृष्णसार म्हणतो, म्हणजे हा काळवीटच. कवीनं हे बघितलेलं असणार, असं मला वाटतं. हरणाचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त थेट पाठीमागची एक पट्टी सुटते. रथ त्याच पट्टीत आहे, म्हणून मान वळते. हे नाटक १८८० साली संगीत रूपात मराठी रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच गुर्लहोसूरचे, हा योगायोग जाता जाता नोंदवायला हरकत नाही.

काळवीट ताशी ८० किलोमीटरच्या आसपास पळतो. घोडा त्याला गाठत नाही, कुत्रंही सहसा गाठत नाही. मग माणसानं काय केलं? त्यानं बैलगाडी काढली. कळप माणसाला बघून लांबूनच उठायचा, पण शेतावर रोज ये-जा करणाऱ्या गाडीला बुजायचा नाही. गाडी सरळ कळपाकडं न नेता बाजूनं, तिरकी, हळूहळू जवळ न्यायची, हे शिकाऱ्यांचं साधं सूत्र होतं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या आणि पुढं राजाराम महाराजांच्या काळात चित्त्यांकरवी काळविटांची शिकार व्हायची, तीही याच युक्तीवर. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून कळपाजवळ नेत, आणि अंतर पुरेसं कमी झालं की चित्ता सांभाळणारा चित्तेवान टोपी काढायचा. चित्त्याचा दम काही शे मीटरांचा. तेवढ्यात साधलं तर साधलं, नाहीतर तो बसून राहायचा. इथले चित्ते संपत आल्यावर ते आफ्रिकेतून आणले गेले. रायबाग हा तेव्हा कोल्हापूरचाच महाल होता, त्यामुळं आजच्या सीमारेषेच्या अलीकडं-पलीकडं हा सगळा एकच शिकारी मुलूख होता.

मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेलं कुत्रं हा याच माळाचा दुसरा जबाब. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेलं पोट. नाकापेक्षा नजरेवर शिकार करणारी जात. महाराष्ट्रात त्याला कारवान म्हणतात. ससा हे त्याचं रोजचं भक्ष्य. कोरड्या कडक जमिनीवर निरोगी काळवीट त्याला दाद देत नाही. पण काळ्या मातीत पावसानं चिखल झाला की गणित उलटतं: काळविटाचे टोकदार खूर रुततात आणि कुत्र्याचा पसरट पंजा वर राहतो. जुने शिकारी म्हणूनच पावसाची वाट बघायचे. २००५ साली या कुत्र्याचं टपाल तिकीट निघालं, पुढं लष्करानंही ते चाचणीसाठी घेतलं. शिकार मात्र त्याच्या वाट्याची राहिली नाही.

आणि ज्यांना हे सगळं राजेरजवाड्यांपेक्षा जास्त कळत होतं, ते लोक वेगळेच. बेळगाव, धारवाड, विजापूरकडं त्यांना हरणशिकारी म्हणतात, आपल्याकडं फासेपारधी. त्यांच्याकडं बंदूक नव्हती, घोडा नव्हता. फास ओळीनं जमिनीत रोवायचे आणि कळपाला घाई न करता, लांबून, त्या ओळीकडं वळवत न्यायचं. घाई केली की कळप उधळतो आणि उड्या मारत ओळ ओलांडून जातो. संथ ठेवला तर तो आपल्या सवयीच्या वाटेनं खाली मान घालून चालतो. म्हणजे हरणाला पळू न देणं, ही त्यांची कला. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अशा जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याचा रस्ता पाडला, पुढं हुबळी, गदग, विजापूर, सोलापूरला तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या, आणि तो कायदा १९५२ साली गेला. संस्थानिकांच्या शिकारीला खेळ म्हटलं गेलं आणि यांच्या पोटाच्या शिकारीला गुन्हा, हे नजरेआड करता येत नाही.

घाटाकडचा मामला वेगळा. तिथं हरण दिसतच नाही, आधी ऐकू येतं. सांबराचा 'ढाँक', चितळाची तीक्ष्ण 'कूक', भेकराचं भुंकणं. भेकतं म्हणून ते भेकर, असं लोक सांगतात. भेकर एकदा भुंकायला लागलं की वाघ-बिबट्या दिसेनासा होईपर्यंत, कधी तासभरही, थांबत नाही. पण माणूस अगदी जवळ आला तर तेच भेकर गप्प होतं, मान खाली घालून, पाठ वाकवून, झुडपांखालून सटकतं. वाऱ्यापेक्षा वेगानं वगैरे काही नाही. ते दोन झुडपं ओलांडतं आणि पुन्हा आपल्याच हद्दीत वळून येतं.

शिमग्याच्या दिवसांत गावोगाव पारध निघायची. हाकारे एका बाजूनं डबे, ढोल बडवत रान उठवायचे, बंदूकवाले दुसऱ्या टोकाला जनावरांच्या ठरलेल्या वाटांवर दबा धरायचे. वारा हाकाऱ्यांकडून बंदुकांकडं वाहता पाहिजे. उलटा असला तर सगळी मेहनत वाया. चितळांचा कळप अशा गलक्यात पुढं सुटतो. जाणतं सांबर मात्र दाट झुडपात खाली बसून राहतं, हाकाऱ्यांची ओळ अंगावरून जाऊ देतं आणि मागच्या मागं निघून जातं. म्हणून ओळीच्या मागंही एखादा बंदूकवाला ठेवायची रीत होती. माझ्या ओळखीतला एक आज्जा सांगायचा, "पुढं बघणाऱ्याला भेकर मिळतंय बाबा, सांबर मागं बघणाऱ्यालाच." मांसाच्या वाटणीत ज्याचा बार लागला त्याचा मान वेगळा, आणि कुत्र्यांचाही वाटा असायचा.

सांबराची आणखी एक खोड अशीच त्याच्या जिवावर आली. रानकुत्री मागं लागली की ते पाण्यात शिरतं, पोटापर्यंतच्या डोहात उभं राहतं आणि तोंड शत्रूकडं करतं. रानकुत्र्यांना तिथं पोहावं लागतं, सांबराचे पाय टेकलेले असतात. हा बचाव पुष्कळदा यशस्वी होतो. पण मागं गावठी कुत्री आणि त्यांच्या मागं माणूस असेल तर डोहातलं सांबर म्हणजे उभं निशाण. म्हादई आणि मलप्रभेच्या डोहांवर कुत्री घेऊन जाणाऱ्यांना एवढं ज्ञान पुरेसं होतं.

या पळण्यात एक कोडं उरतं. लपून राहण्यात फायदा असताना चितळ पळताना शेपटी उभारून पांढरा रंग का झळकवतं? काळवीट सुटण्याआधी चारी पाय एकदम उचलून उंच उड्या का मारतो? अमोत्झ झहावी या जीवशास्त्रज्ञानं सुचवलं की हा संदेश शिकारी जनावरालाच आहे: तुला मी पाहिलंय, मी धडधाकट आहे, उगाच दमू नकोस. १९८८ साली पूर्व आफ्रिकेतल्या कुरंगांवरचा अभ्यास आला, त्यात रानकुत्री कमी उसळणाऱ्यांनाच निवडतात असं दिसलं. बंदुकीला मात्र हा संदेश वाचता येत नाही. उलट उंच उडी आणि पांढरी शेपटी नेम धरायला सोयीची.

कायद्याची वाट थोडक्यात. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी कायदा इथं लागू होता, कारण बेळगाव तेव्हा मुंबईत होतं. १९५६ साली जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं परवान्याची शिकारही संपत गेली. भीमगड अभयारण्य २०११ चं. चोरी मात्र थांबली नाही, ती रात्री गेली. अंधारात बॅटरीचा झोत पडला की हरणाच्या डोळ्यांमागचा चकाकणारा पडदा उजळतो आणि ते दिपून जागीच थबकतं. दिवसा शंभर पावलांवरून उठणारं जनावर रात्री झोतापुढं उभं. आणि हरणंही रात्रीकडं सरकली. २०१८ साली सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्राण्यांच्या माहितीवरून दिसलं, की माणसाचा वावर असेल तिथं त्यांची रात्रीची हालचाल १.३६ पटींनी वाढते. माळावर तर पळायलाच जागा उरली नाही: हिडकल धरणाच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि उसात काळविटाला ना दिसतं, ना धावता येतं.

आता बांधावरचं ते चितळ. त्याचं शरीर छोट्या, जोरदार धावेसाठी आहे. शत्रू चुकला की थांबायचं. गावातली मोकाट कुत्री दमली की दुसरी लागतात, आणि धाव संपतच नाही. स्नायूंना प्राणवायू पुरत नाही, आम्ल साचतं, अंग तापतं, स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं, लघवी गडद होते, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. कधी काही तासांत, कधी दोन-चार दिवसांनी. पशुवैद्यकात याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. सुटलेलं हरण पुष्कळदा सुटलेलं नसतं.

विहिरीत पडलेलं चितळ बाहेर काढतानाही हेच होतं. जीव वाचलेला असतो, पण भोवती जमलेली गर्दी, मोबाईल आणि ओरडा त्याला मारतो. म्हणून जाणते लोक आधी गर्दी हटवतात, बोलणं बंद करतात, आणि हरणाच्या डोळ्यांवर ओलं फडकं टाकतात. चित्तेवान चित्त्याला शांत ठेवायला टोपी घालायचा, तशीच.