आभासी सांस्कृतिक परिसर

इतिहास, वास्तू किंवा परंपरा शिकवण्यासाठी संगणकाने उभारलेला त्रिमितीय परिसर. हेडसेट लावलेला विद्यार्थी त्यात चहूकडे पाहू व फिरू शकतो.

याचा आरंभ कोठून धरावा, याविषयी एकमत नाही. डोक्यावर बसवण्याचा, मान वळेल तसे दृश्य बदलणारा पडदा अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये दाखवला. पण त्यात साध्या रेषाकृतीच दिसत. इंग्लंडमधील डडली किल्ल्याची १९९४ मधील आभासी फेरी किल्ल्याचे १५५० च्या सुमाराचे रूप दाखवी. ती पडद्यावर पाहायची असल्याने काटेकोर निकषावर पूर्वरूपच ठरते; तरी शैक्षणिक हेतू लक्षात घेता आरंभ तिच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचनेतील सर्वांत अवघड प्रश्न अनुमानाचा. उत्खननात पाया सापडतो, छप्पर क्वचितच. आभासी इमारतीला मात्र छप्पर द्यावेच लागते. अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धार थांबावा, असे वास्तुवारशाच्या जतनाविषयीची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद (१९६४) सांगते. आभासी पुनर्रचनेला हे बंधन जसेच्या तसे पाळता येत नाही. म्हणून वारशाच्या संगणकीय चित्रणाविषयीच्या लंडन सनदेने (२००६, सुधारित २००९) प्रत्येक निर्णयाचा आधार नोंदवण्याचा आग्रह धरला. इ.स. ३२० च्या सुमाराचे रोम उभारणाऱ्या ‘रोम रिबॉर्न’ प्रकल्पात भक्कम पुरावा असलेल्या मोजक्या वास्तू पहिल्या वर्गात ठेवल्या, तर शहर भरून काढणाऱ्या हजारो सर्वसाधारण इमारती दुसऱ्या. अनिश्चित भाग फिकट किंवा पारदर्शक दाखवण्याचीही रीत आहे. तिने परिसराची एकसंधता मात्र भंगते. एकाच जागी दोन पर्यायी छपरे आलटूनपालटून दाखवणे अध्यापनाला अधिक उपयुक्त दिसते, कारण वाद विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोरच राहतो. आधारांची नोंद केवळ अहवालात राहिली, तर ती त्याच्यापर्यंत बहुधा पोहोचतच नाही.

हेडसेट लावून फिरताना डोळ्यांना गती जाणवते आणि अंतर्कर्ण स्थिरता कळवतो, यातून मळमळ होते. त्यामुळे सलग चालण्याऐवजी एका जागेवरून थेट दुसऱ्या जागी नेण्याची सोय करतात. दृश्याचा वेग सेकंदाला सुमारे ९० चौकटी (फ्रेम) आणि हालचालीनंतरचा विलंब २० मिलिसेकंदांच्या आत असावा, असे सामान्यतः मानतात.

नृत्य, विधी, कारागिरी अशा जिवंत परंपरांच्या हालचाली संवेदकांनी टिपता येतात. काय दाखवावे आणि कोणासमोर, याचा निर्णय मात्र त्या समाजाच्या संमतीनेच व्हायला हवा.