मॉडेल रॉकेट

कागदी नळी, बाल्साचे लाकूड आणि प्लास्टिक यांपासून बनवलेले, कारखान्यात तयार झालेल्या घन इंधनाच्या इंजिनावर उडणारे आणि पॅराशूटने उतरून पुन्हा उडवता येणारे छोटे रॉकेट. आतषबाजीचा बाण वर गेला की त्याचे काम संपते. मॉडेल रॉकेटची घडण मात्र धड परत येण्याच्या अटीवर ठरते. बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख किटमधून होते. किटमध्ये रॉकेटचे सुटे भाग असतात. इंजिने सहसा वेगळी घ्यावी लागतात.

या छंदाचा पाया कामाच्या एका वाटणीत आहे : दारू ठासण्याचे काम कारखान्याचे, बाकीचे सगळे हौशी माणसाचे. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतली शाळकरी मुले धातूच्या नळ्यांत घरगुती इंधन भरू लागली. त्यात अनेक जण जखमी झाले, काही दगावले. यावरचा तोडगा तोवर तयार होता. नेब्रास्का राज्यातील नॉरफोक येथे बुटांचे दुकान चालवणारे ऑर्विल कार्लाइल यांना आतषबाजीचा नाद होता आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट यांना मॉडेल विमानांचा. दोघांनी मिळून १९५४ मध्ये बदलता येणाऱ्या इंजिनाचे कागदी रॉकेट बनवले व त्याला ‘रॉक-ए-चूट’ असे नाव दिले. त्याचे पेटंट १९५८ मध्ये मिळाले. घरगुती रॉकेटांच्या धोक्यावर लिहिणारे व्हाइट सँड्स क्षेपणास्त्र तळावरचे अभियंते जी. हॅरी स्टाइन यांच्याकडे कार्लाइल यांनी नमुने पाठवले. स्टाइन यांनी त्यांवरून सुरक्षा संहिता रचली, किट विकणारी कंपनी काढली आणि १९५७ मध्येच हौशी लोकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. इंजिनांचा पुरवठा मात्र अपुरा पडत होता. ती अडचण डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेस यांनी सोडवली : दर काही सेकंदांना एक इंजिन ठासणारे यंत्र त्यांनी बनवले. त्या यंत्राचे लाडके नाव ‘मेबल’.

इंजिन. नेहमीचे लहान इंजिन म्हणजे जाड पुठ्ठ्याची १८ मिमी. व्यासाची, ७० मिमी. लांबीची नळी. खालच्या टोकाला चिकणमातीचे नॉझल (जळालेला वायू बाहेर सोडणारे तोंड), त्यावर घट्ट दाबलेली बंदुकीची दारू, त्यावर सावकाश जळणारा विलंबाचा थर आणि सर्वांत वर पॅराशूट बाहेर ढकलणारी थोडी सुटी दारू. इंजिनावरच्या खुणेतच त्याची कुंडली असते. ‘सी६-५’ यातले अक्षर एकूण आवेगाची (सरासरी रेटा गुणिले तो टिकण्याचा काळ) मर्यादा सांगते : ‘ए’ २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, ‘बी’ ५, ‘सी’ १०. प्रत्येक पुढच्या अक्षराला मर्यादा दुप्पट. पहिला आकडा सरासरी रेटा न्यूटनमध्ये देतो, शेवटचा आकडा विलंब सेकंदांमध्ये. सी६ चा रेटा सुरुवातीच्या क्षणी सरासरीच्या दुपटीहून वर उसळतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. ही योजना मुद्दाम केलेली असते. पंखांना हवेची पकड मिळण्यासाठी रॉकेटला उड्डाणाच्या आधाराची दांडी सोडण्याआधीच पुरेसा वेग हवा असतो.

जुळणी. किटमधले काम एका-दोन संध्याकाळींचे असते, पण चिकटवलेले सुकू देण्याचा धीर लागतो. इंजिनाची नळी कड्यांच्या आधाराने मुख्य नळीच्या बरोबर मध्यावर बसवतात. तिच्या वरच्या बाजूचे कडे इंजिनाचा रेटा रॉकेटच्या अंगावर घेते आणि धातूची पट्टी इंजिनाला मागे निसटू देत नाही. ही पट्टी ढिली असेल तर वरची दारू पेटल्यावर पॅराशूटऐवजी इंजिनच बाहेर पडते.

खरी कसोटी पंखांची. बाल्साचे पंख कापताना लाकडाचे तंतू पुढच्या कडेला समांतर ठेवावे लागतात. ते नळीला समांतर आले तर पंख मुळाशीच मोडतो. पुढची कड पॉलिश पेपरने गोल करतात, मागची निमुळती. तीन पंख असतील तर १२० अंशांवर, चार असतील तर ९० अंशांवर नळीभोवती खुणा करून ते बसवतात. कागद आणि लाकूड यांच्या सांध्याला साधा पांढरा गोंद उत्तम. नीट सुकलेला सांधा ओढला तर बहुधा लाकूडच फाटते. पंखाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक गोलाई दिली की मजबुती वाढते आणि हवेचा अडथळाही घटतो. पंख किंचित तिरके बसले तर रॉकेट वर जाताना स्वतःभोवती फिरते. त्यात धोका नसतो, उंची मात्र कमी होते. रंगरंगोटीवर लोक आठवडे घालवतात. उड्डाणाच्या दृष्टीने तिचा एक परिणाम म्हणजे वाढलेले वजन.

स्थैर्य. हवेतले रॉकेट आपल्या गुरुत्वमध्याभोवती वळते, तर हवेचा आडवा दाब जणू दाबकेंद्राशी एकवटून लागतो. दाबकेंद्र गुरुत्वमध्याच्या मागे असेल तर डगमगलेले नाक पुन्हा वाटेवर येते. पुढे असेल तर रॉकेट आकाशात कोलांट्या खाते. दोहोंत किमान एका नळीच्या व्यासाइतके अंतर असावे, असा सर्वमान्य संकेत आहे. पंखांच्या आकारावरून दाबकेंद्र काढण्याची सूत्रे जेम्स बॅरोमन यांनी १९६० च्या दशकात हौशी लोकांच्या हाती दिली. आता ते गणित संगणक करतो. संगणक नसला तरी अडत नाही. इंजिन आणि पॅराशूट भरलेले रॉकेट गुरुत्वमध्यापाशी दोरीने बांधून डोक्याभोवती गरगर फिरवतात. नाक पुढे ठेवून ते फिरले, तर उडवायला हरकत नाही. किटमधले रॉकेट मुळात स्थिर असते. मालक हौसेने मोठे इंजिन घालतो तेव्हा शेपूट जड होऊन ते बिघडते. उपाय म्हणून नाकात मातीचे वजन भरतात. इंधन मागच्या टोकाला असल्याने ते जळत जाते तसे स्थैर्य आपोआप वाढते. अतिस्थैर्यही मात्र अडचणीचेच : असे रॉकेट वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवते आणि तिरके निघून जाते.

उड्डाण. सुमारे एक मीटर लांबीच्या धातूच्या दांडीवर रॉकेट ओवतात. त्यासाठी त्याच्या अंगाला छोटी नळी चिकटवलेली असते. पेटवणी नेहमी विजेने करतात, वातीने कधीच नाही. अमेरिकी संघटनेच्या प्रचलित सुरक्षा संहितेनुसार ‘डी’पर्यंतच्या इंजिनासाठी निदान ५ मीटर, त्याहून मोठ्यासाठी ९ मीटर दूर उभे राहायचे, दांडी उभ्या रेषेपासून ३० अंशांहून जास्त कलवायची नाही आणि मोठ्याने उलटी मोजणी करायची. बटण दाबूनही काही झाले नाही, तर आधी बटणाच्या पेटीतली सुरक्षा किल्ली काढायची आणि एक मिनिट थांबून मगच जवळ जायचे. इग्नायटर, म्हणजे विजेने तापून दारू पेटवणारी बारीक तार, नॉझलमध्ये पुरता आत न गेल्यानेच बहुधा असे होते. परवानगी, वय आणि जागा यांचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

इंजिन पावणेदोन-दोन सेकंदांत जळून जाते. पुढचा प्रवास नुसत्या वेगावर होतो आणि विलंबाचा थर धूर सोडत वाट दाखवतो. सी इंजिनावरचे हलके रॉकेट २०० ते ३०० मीटर उंची गाठू शकते. ही उंची कोनावरून काढता येते : दांडीपासून १०० मीटरवर उभ्या निरीक्षकाला उड्डाणाचे शिखर ६० अंशांवर दिसले, तर उंची त्याच्या डोळ्यांच्या पातळीपासून सुमारे १७३ मीटर. अलीकडे रॉकेटच्या नाकाखाली बसणारे हवेच्या दाबावर चालणारे उंचीमापक वापरतात.

परतीचा प्रवास. उड्डाण वाया जाते ते बहुधा इथे. पॅराशूटखाली न पेटणाऱ्या कागदाचे बोळे भरावे लागतात. ते कमी पडले तर गरम वायूने प्लास्टिक वितळून एकजीव होते. घडीवर टाल्कम पावडर भुरभुरली की ती चटकन उलगडते. विलंब कमी निवडला तर रॉकेट वेगात असतानाच पॅराशूट उघडते आणि नाक जोडून ठेवणारी दोरी नळीला वरून खाली चिरत जाते. जास्त निवडला तर ते नाक खाली करून येते. वारा असेल तेव्हा जाणकार लहान पॅराशूट किंवा नुसती फीत लावतात : थोडे आपटलेले चालते, पण झाडावर किंवा विजेच्या तारांवर अडकलेले नको. तारांवरचे रॉकेट काढायला जायचे नसते, ते सोडून द्यायचे.

पुढचे प्रकार. एकावर एक टप्पे रचलेल्या रॉकेटात खालच्या इंजिनाला विलंब नसतो. ते जळता जळताच वरचे पेटवते. मोठ्या इंजिनांत बंदुकीच्या दारूऐवजी अमोनियम परक्लोरेटचे मिश्र इंधन असते आणि ‘एच’पासून पुढची इंजिने घ्यायला अमेरिकेत संघटनेचे प्रमाणपत्र लागते. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा १९७२ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हर्शात्स येथे झाली. तिथे उंचीइतकेच हवेत तरंगत राहण्याच्या वेळेला आणि खऱ्या रॉकेटांच्या हुबेहूब प्रतिकृतींना महत्त्व असते. अमेरिकेत २००२-०३ पासून शाळकरी संघांसाठी वेगळी स्पर्धा भरते. तिच्यात कच्चे अंडे ठरलेल्या उंचीवर नेऊन ठरलेल्या वेळात न फोडता खाली आणायचे असते. तडा गेला की ते उड्डाण बाद.