फिशिंग मेल

फिशिंग मेल म्हणजे बँक, इन्कम टॅक्स, कुरिअर नाहीतर आपल्याच व्यापाऱ्याचं नाव लावून आलेला खोटा मेल, पासवर्ड ओटीपी काढून घ्यायला किंवा पैसे भलत्याच खात्यात वळवायला पाठवलेला. शब्द १९९० च्या दशकातला, अमेरिकेत एओएल या इंटरनेट कंपनीच्या गिऱ्हाइकांचे पासवर्ड असेच गळाला लावायचे.

हे जमतं कसं, तर मेल पाठवायची एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली ठरली तेव्हा पाठवणारा खरा कोण हे तपासायची सोयच त्यात नव्हती, पाकिटाच्या मागं कुणाचंही नाव लिहावं तसं. पुढं मेल खरंच त्या डोमेनवरनं, म्हणजे पत्त्यात ॲटच्या पुढं लिहिलेल्या नावावरनं, आलाय का हे बघणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तपासण्या आल्या पण चोरानं मिळतंजुळतं डोमेन स्वतःच विकत घेतलं की त्यातनंही मेल बिनबोभाट पास होतो. म्हणून लोगो बघू नका, पत्ता वाचा, आणि वाचायचा तो ॲटच्या पुढचा. इंग्रजी एम (m) च्या जागी आर आणि एन (rn) जोडून लिहिलं तर मोबाईलवर फरक दिसतच नाही. लिंक दाबायची नाही, बोट धरून ठेवायचं म्हणजे पूर्ण पत्ता दिसतो, त्यात सुरुवातीचं https:// सोडून पुढं येणाऱ्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे असतं तेच खरं डोमेन, सुरुवातीला बँकेचं नाव कितीही ठळक असूदे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेबसाइट डॉट बँक डॉट इन वर न्यायला सांगितलं होतं, ही खूण चांगली उपयोगी आहे. अशुद्ध भाषेवरनं ओळखायचे दिवस गेले, आता मराठी पण चोख लिहितात.

कोल्हापुरात मला जास्त काळजी वाटते ती शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांची आणि हुपरीच्या चांदीवाल्यांची, कारण सगळी बिलं मेलवर. चोर आधी कुणाचातरी मेलबॉक्स फोडतो, गप्प वाचत बसतो, आणि बरोबर पेमेंटच्या वेळी लिहितो की आमचं खातं बदललंय, या नव्या खात्यावर टाका. रक्कम बरोबर, बिल नंबर बरोबर, शंका येणार तरी कुठनं? अशा वेळी फोन करायचा, तोही आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर, मेलमधल्या नाही. आणि मेलबॉक्सला टू स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, लावाच.

चुकून माहिती दिली गेलीच तर आधी बँकेला कळवा, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणं ओटीपी आपणच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, त्यामुळं घरात काय म्हणतील म्हणून रात्रभर गप्प बसणं फार महागात पडतं. तो मेल मात्र डिलीट करू नका, तक्रारीला लागतो.