चौदावा दिवस सगळ्यांचा नसतो

‘पाळीच्या चौदाव्या दिवशीच गर्भ राहतो, बाकी दिवस बिनधास्त’ हा मेसेज कोल्हापुरातल्या बायकांच्या ग्रुपवरही फिरतो. आकडा खोटा नाही, पण तो २८ दिवसांच्या चक्राचा (चक्र म्हणजे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस). स्त्रीबीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, म्हणजे मोजायचं मागून. चक्र ३५ दिवसांचं असेल तर एकविसाव्याच्या आसपास, २४ चं असेल तर दहाव्याच्या. त्यात शुक्राणू शरीरात ५ दिवसांपर्यंत टिकू शकतात, बीज जेमतेम एक दिवस. म्हणून छोट्या चक्रात पाळी थांबल्या थांबल्याही दिवस राहू शकतात.

पडताळायचंय? कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडतोच की आपण; शेजारी सहा महिने पाळीच्या तारखा लिहा. अंतर बहुतेकदा मागेपुढे होताना दिसेल. अंड्याच्या पांढऱ्यासारखा ताणला जाणारा स्राव दिसला, की बीज सुटायची वेळ जवळ आलेली असते.