नाउकास्टिंग (साथरोग)

नाउकास्टिंग म्हणजे साथ चालू असतानाच, आज खरे किती पेशंट आहेत याचा संख्याशास्त्राने काढलेला अंदाज. ताप सोमवारी येतो, माणूस दोन दिवस अंगावर काढतो, मग डॉक्टर, मग सॅम्पल, रिपोर्ट शनिवारी आणि पोर्टलवर एंट्री त्याच्या पुढच्या आठवड्यात, त्यामुळे लक्षणं कधी सुरू झाली त्या तारखेने ग्राफ काढला की शेवटचे काही दिवस कायम खाली घसरलेले दिसतात, साथ जोरात वाढत असली तरी. ही घसरण खरी मानून निर्बंध सैल करणं फार धोक्याचं.

यासाठी जुन्या नोंदींचा तक्ता मांडतात. आडव्या ओळीत लक्षणांची तारीख, उभ्या रकान्यात नोंद व्हायला लागलेले दिवस. अलीकडच्या तारखांचे उजवीकडचे रकाने अजून रिकामे असतात म्हणून भरलेला भाग त्रिकोणी दिसतो. समजा आजवर तीन दिवसांत 40 टक्के नोंदी येत आल्यात आणि तीन दिवसांपूर्वीच्या तारखेला 60 केसेस दिसतायत, तर शेवटी आकडा 150 च्या आसपास जाणार. प्रत्यक्षात एकच आकडा देत नाहीत, बेझियन मॉडेल (आधीची माहिती आणि नवे आकडे एकत्र करून शक्यता काढणारं गणित) वापरून कमीत कमी किती नि जास्तीत जास्त किती अशी रेंज देतात, आणि ती रेंज बातमीत छापलीच पाहिजे. पद्धत मूळची विमा कंपन्यांची (अपघात झालाय पण क्लेम अजून आलेला नाही), 1980 च्या दशकात अमेरिकेत एड्सच्या नोंदी उशिरा यायच्या तेव्हा ती साथरोगात वापरली गेली.

सगळ्यात चांगलं उदाहरण जर्मनीचं. 2011 च्या मे-जूनमध्ये तिथे ई. कोलाय या जिवाणूची भयंकर साथ आली, मोड आलेल्या मेथीतून, बी इजिप्तचं असल्याचं तपासात निघालं. 855 जणांच्या किडन्यांवर परिणाम झाला, 53 माणसं गेली. नोंद स्थानिक आरोग्य कार्यालयातून राज्याकडे आणि तिथून बर्लिनच्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटला (जर्मनीची साथरोगांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था), त्यामुळे साथ ओसरतेय का नोंदी वाटेत अडकल्यात हे कळेना, तेव्हा तिथे नाउकास्टिंग केलं. 2020 मध्ये कोरोनाचा आर नंबरही (एक पेशंट सरासरी किती जणांना आजार देतो तो आकडा) या संस्थेने याच पद्धतीने काढला, तोही शेवटचे तीन दिवस सोडून, कारण इतक्या ताज्या तारखांचा अंदाज भरवशाचा नसतो.

पद्धत टिकते ती उशीर पूर्वीसारखाच राहील या गृहीतावर. लॅबवर लोड आला, सुट्ट्या आल्या की ते मोडतं. आणि ज्यांची टेस्टच झाली नाही ते यात कधीच येत नाहीत, हे लोक सर्रास विसरतात.

महाराष्ट्रात 16 जून 2020 ला कोरोनाचे आधीचे 1,328 मृत्यू एकदम यादीत आले, त्यातले 862 मुंबईचे. असा गठ्ठा नुसत्या नोंदीच्या तारखेवर टाकला तर त्या दिवशी खोटी उसळी दिसते, म्हणून प्रत्येक नोंदीला दोन तारखा हव्यात, घटनेची वेगळी आणि नोंदीची वेगळी.