पाळीआधी मन पार बिघडतं? आधी दोन महिने लिहून ठेवा
(आमच्या मेडिकलमध्ये येणाऱ्या ताईंसाठी)

सणासुदीला पाळी पुढे ढकलायच्या गोळीची मागणी वाढते, हे आता नेहमीचंच झालंय. पण काही जणी गर्दी ओसरल्यावर हळूच वेगळंच विचारतात. "पाळीच्या आधी आठवडाभर डोकं ठिकाणावर नसतं, मुलांवर हात उठतो, रडू आवरत नाही. साधीशी गोळी द्या ना." अशी साधी गोळी नसते. पाळी ढकलायची गोळी हा तर यावरचा इलाज नव्हेच, काहींना तिने उलट जास्त त्रास होतो.

पाळीआधी थोडी चिडचिड होणं, अंग जड वाटणं बऱ्याच जणींच्या ओळखीचं आहे. पण दर महिन्याला टोकाची उदासी, संताप किंवा धास्ती येत असेल, कामावर आणि घरात त्यामुळे खटके उडत असतील आणि पाळी सुरू झाल्यावर दोन-चार दिवसांत सगळं निवळत असेल, तर तो पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर, म्हणजे पाळीआधी मन टोकाचं बिघडवणारा आजार) असू शकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे.

हॉर्मोन्सचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "बघ, काही झालेलं नाही तुला." हॉर्मोन्स कमी-जास्त नसतातच. दर महिन्याच्या त्यांच्या नेहमीच्या चढउताराचा या बायकांच्या मेंदूवर जास्त परिणाम होतो. त्यामुळे नॉर्मल रिपोर्ट म्हणजे नाटक, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या, त्यांच्यामुळेही थकवा आणि उदासी येते.

या आजाराचं निदान रक्ताच्या तपासणीतून होत नाही, रोजच्या नोंदीतून होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब मांडता, त्याच चौकटीत रोज रात्री एक आकडा लिहा: 1 म्हणजे ठीक, 6 म्हणजे असह्य. शेजारी एक-दोन शब्द, जसं 'रडले', 'झोप नाही', 'भांडण'. पाळीच्या दिवसांवर गोल करा. किमान दोन पाळ्या तरी हे करा आणि रोजच्या रोज करा, आठवून एकदम भरू नका. पाळीनंतरच्या आठवड्यातही आकडे चढेच राहिले, तर दुखणं वेगळं असू शकतं. डॉक्टरांना तेच बघायचं असतं.

हे कॅलेंडर घेऊन गायनॅककडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिनसारखी उदासीवरची औषधं यावर चालतात. डॉक्टर ती कधी रोज, तर कधी फक्त पाळीआधीच्या दोन आठवड्यांपुरती देतात. त्यांचं व्यसन लागत नाही, पण रोजची गोळी मनाने एकदम बंद करू नका. काहींना ठरावीक गर्भनिरोधक गोळी देतात. लग्न न झालेल्या मुलीच्या हातात ते पाकीट दिसलं की घरात गहजब होतो, म्हणून आईला सोबत नेऊन डॉक्टरांकडूनच समजावून घ्या. समुपदेशनाचाही उपयोग होतो. ही औषधं आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, कितीही ओळख असली तरी.

जीव द्यावासा वाटत असेल तर दोन महिने थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर लगेच फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. जीवाला लगेच धोका वाटत असेल तर घरातल्या कुणाला तरी सांगून थेट हॉस्पिटल गाठा.

नोंदीचा छापील कागद काउंटरवर फुकट मिळेल. नाव लिहायची गरज नाही. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा आमच्या फार्मसिस्ट मॅडमशी निवांत बोलता येईल.